मंडळी गाते आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चर्च जुनं, दगडी, रविवारी सकाळी मराठी उपासना. तरुण संघाला गिटार, ड्रम आणि पडद्यावर शब्द हवेत. वडीलधाऱ्यांना ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात धरून, पेटीवर, फळ्यावर लावलेल्या क्रमांकानुसार गायचंय. कमिटीत दोनदा भांडण झालं आणि आता तोडगा निघतोय की दोन उपासना करा, साडेआठला जुनी, साडेदहाला नवी. हे करावं का, आणि नाही तर काय करावं?

मी छत्तीस वर्षं मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या भाविकांच्या समुदायांत, पेटी वाजवतोय, त्यातली बावीस गायकवृंद सांभाळण्यात गेली. हे भांडण मी चार मंडळ्यांत पाहिलं, एकात स्वतः भांडलोही. तोडग्याबद्दल आधीच सांगतो: दोन उपासना करू नका. एका मंडळीत केल्या होत्या. तीन वर्षांत नातवंडांना आजोबांची गाणी येईनात आणि आजोबांना नातवंडांची नावं. सकाळच्या उपासनेत वर्षागणिक माणसं कमी होत गेली, कारण ती मरत होती, आणि नवीन कुणी त्या वेळेला येतच नव्हतं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही ‘पारंपरिक’ म्हणता ती एक गोष्ट नाहीच. ‘उपासना संगीत’ उघडा आणि चाली बघा. त्यात सरळ सरळ दोन घराणी आहेत. एक, इंग्लंड-अमेरिकेतल्या गीतांची भाषांतरं, त्यांच्याच चालींवर बसवलेली. दुसरं, इथल्याच माणसांनी अभंग, साकी, दिंडी, पदं या घाटात लिहिलेली. आजोबा दोन्हींना ‘आपली जुनी गीतं’ म्हणतात, पण दोन्ही गाताना मंडळीचा आवाज वेगळा लागतो. पेटीवर बसून तो फरक अगदी स्वच्छ ऐकू येतो. पहिल्या प्रकारात पुढचे दोन बाक गातात आणि मागचे ओठ हलवतात. दुसऱ्या प्रकारात चपला काढून दारात बसलेली म्हातारीसुद्धा टाळी धरते.

हे दुसरं घराणं आपल्याला कोणी दिलं? अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या मातीत कृष्णराव रत्नाजी सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करत होते. पुढे कवी नारायण वामन टिळक आले. १८६१ चा कोकणातला जन्म, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, १९१९ मध्ये निधन. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर जेमतेम चोवीस वर्षं हाताशी होती, आणि तेवढ्यात या माणसाने मराठी मंडळीला गायला शिकवलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ते म्हणत. ते म्हणणं त्यांच्या भजनांच्या हाडात उतरलेलं आहे. मोठ्या अभंगाचा साचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. हा साचा नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या कानात आधीच बसलेला होता. टिळकांनी त्यात ख्रिस्त आणला. शिकवायला फारसं काही उरलंच नाही.

पण हे त्या काळी ‘नवं’ होतं, हे विसरू नका. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या गावच्या चर्चमध्ये टाळ आणि मृदंग आत आणायचे की नाहीत यावरून एका वडीलधाऱ्यांनी उपासना सोडून दिली होती. त्यांचं म्हणणं, हे तर देवळातलं वाद्य! आज त्याच घरातले लोक टाळ काढून कहोन (बसून वाजवायचा लाकडी खोका) आणला म्हणून रागावतात. पेटीचंही तसंच. हार्मोनियम ही फ्रान्समधली चीज, एकोणिसाव्या शतकातली. ती इथे आली, तिचा भाता मागे गेला, ती मांडी घालून वाजवता येऊ लागली आणि आपली झाली. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं तिला ‘परकी’ म्हणून बाहेर ठेवलं होतं, तेव्हा आपल्या चर्चमध्ये ती ‘पारंपरिक’ म्हणून मिरवत होती. आणि १८८२ साली मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती संस्था) मुंबईत उतरली ती ढोल-कर्णे घेऊन रस्त्यावर. त्या मिरवणुकांबद्दल त्यांना पोलिसांनी पकडलं. त्यांच्यापुढे तुमच्या तरुण संघाचा ड्रम म्हणजे काहीच नाही.

परदेशातही हेच. इंग्लंडमध्ये गीतकार आयझॅक वॉट्सने १७०७ मध्ये स्वतःची गीतं छापली, तेव्हा बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या शब्दांपलीकडे चर्चमध्ये काही गायचंच नाही असं मानणारे पुष्कळ होते. आज आपल्याला त्याची गीतं म्हणजे दगडावरची रेघ वाटते. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द १७७९ मध्ये छापले गेले, पण आपण जी चाल गातो ती त्यांना अमेरिकेत १८३५ साली जोडली गेली. आपल्या गोव्यात तर फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीत लिहिलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं, आणि ते चर्चमध्ये वाचलं, गायलं जायचं. वसईच्या कॅथलिक मंडळ्यांत लॅटिन जाऊन मराठी आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर), म्हणजे १९६५ च्या पुढे. त्या वेळी लॅटिनसाठी हळहळलेली माणसं मी स्वतः भेटलोय.

एवढा इतिहास यासाठी सांगितला की कमिटीत ‘आमचे पूर्वज असं गात होते’ हे वाक्य येईल, तेव्हा कोणते पूर्वज, असं विचारता यावं.

आता तरुणांकडे वळतो. त्यांचाही कान धरायला हवा, पण ‘एकच ओळ वीस वेळा म्हणतात’ या कारणासाठी नाही. हा आरोप मला कधीच पटला नाही. स्तोत्र १३६ काढा: सव्वीस वचनं आणि सव्वीस वेळा तेच ध्रुपद. आपलं भजन तर आवर्तनावरच चालतं. ज्याने वारीच्या दिंडीत पाच मिनिटं एकच नाम ऐकलंय त्याला पुनरावृत्तीचं वावडं असूच शकत नाही. फरक एवढाच आहे की भजनात आवर्तनागणिक लय चढते, म्होरक्या ओळ देतो, लोक ती उचलतात, कधी बायकांकडे, कधी पुरुषांकडे ओळ फिरते. बँडच्या गाण्यात ओळ गायकाकडेच राहते आणि लोक उभे राहून ऐकतात. तुमच्या पोरांना हे दाखवा, ती पटकन शिकतात. त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

त्यांची खरी चूक पट्टीत आहे. गाणं रेकॉर्डिंगवरून उचलतात आणि त्याच पट्टीत वाजवतात. तो गायक म्हणजे व्यवसायाने गाणारा, तरणाबांड, उंच आवाजाचा. पहिलं कडवं तो खर्जात पुटपुटतो आणि ध्रुपदाला सरळ एक सप्तक वर उडी मारतो. मंडळीचं काय होतं? कडव्यात बायका गायब, ध्रुपदात पुरुष गायब. सर्वसाधारण मंडळीचा गळा माझ्या हिशेबाने खालच्या सप्तकातल्या पांढरी सहापासून (इंग्रजी ए) वरच्या पांढरी दोनपर्यंत (डी) जातो. बायकांचा या जागी, पुरुषांचा त्याच्या एक सप्तक खाली. त्यापुढे गेलात की लोक गायचं सोडतात आणि बघू लागतात. म्हणून प्रत्येक नव्या गाण्याचा सगळ्यात वरचा स्वर आधी शोधायचा, तो वरच्या पांढरी एक-दोनवर येईल अशी पट्टी धरायची, मग खालचा स्वर लागतोय का बघायचा. दोन्ही टोकं बसत नसतील तर ते गाणं गायकवृंदाने अर्पणाच्या वेळी गावं. मंडळीच्या गळ्यात मारू नये. चांगलं गाणं आणि मंडळीने गायचं गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वडीलधाऱ्यांची चूक लयीत आहे, तीही सांगायलाच हवी. त्यांच्या आवडत्या चालींपैकी निम्म्या मुळात चालत्या लयीच्या आहेत. आपण त्या ओढून ओढून मयताच्या केल्यात. प्रत्येक ओळीच्या शेवटी पेटीवाला थांबतो, लोक थांबतात, पेटीवाला लोकांसाठी अजून थांबतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. एकदा तबलजी रजेवर होता म्हणून एका पोराने ढोलकी घेतली आणि एका जुन्या भजनाला सरळ केरवा धरला. मी रागाने बघत होतो, तो खाली बघून वाजवत होता. चौथ्या कडव्याला मागचे बाक उभे राहिले. उपासनेनंतर एक आजोबा म्हणाले, “हे असंच होतं आमच्या लहानपणी.” मग मी काय बोलणार?

आता भाषेकडे येतो. माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे, आणि जुने-नवे दोघेही इथे सारखेच गुन्हेगार आहेत.

इंग्रजी गीतात शब्दाच्या एका अवयवावर (सिलेबलवर) आघात असतो आणि चाल त्या आघातावर बांधलेली असते. मराठीत तसा आघात नाही. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ आहे आणि शब्द कुठे तुटतो ते आहे. मिशनऱ्यांच्या काळी भाषांतर करणाऱ्यांनी बिचाऱ्यांनी अक्षरं मोजून आठ-सहा-आठ-सहा अशी ओळ बरोबर बसवली, पण चालीचा लांब स्वर नेमका ऱ्हस्व अक्षरावर येतो आणि ‘प्रभु’चा ‘प्र’ दोन मात्रा ताणला जातो, ‘करुणा’तला ‘क’ अंगठ्यासारखा सुजतो. शंभर वर्षं गाऊन आपल्या कानाला त्याची सवय झाली, एवढंच. आणि आज तरुण पोरं नेमकं तेच करतात. इंग्रजी गाणं हिंदीत, हिंदीतून मराठीत, चाल तीच.

माझीच फजिती सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी एक परदेशी चालीचं गाणं मी हौसेने मराठीत केलं. ध्रुपद होतं ‘सोडून जाऊ नको देवा’. कागदावर चोख, अक्षरं बरोबर. पण मूळ चालीत चौथ्या-पाचव्या अक्षराच्या पुढे श्वासाची जागा होती, दीड ठोक्याची. सराव आम्ही चौघांनीच केलेला, कुणाच्या लक्षात आलं नाही. रविवारी दीडशे माणसं मोठ्याने गायली: “सोडून जाऊ...” आणि श्वास घेऊन, “नको देवा!” तीनदा. तिसऱ्या वेळेला महिला मंडळातल्या एक आजी शेजारणीला कुजबुजल्या, पण माईक चालू असल्याने सगळ्यांनी ऐकलं: “पोरं देव नको म्हणतायत गं, आणि सोडून पण जातायत.” पाळकसाहेबांना प्रार्थना सुरू करायला वेळ लागला.

तेव्हापासून माझा नियम असा की कुठलंही नवं गीत आधी चालीशिवाय, पण चालीच्या श्वासांवर थांबत थांबत मोठ्याने वाचायचं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ऐकवायचं. अर्थ लागला तरच पुढे. आणि शक्य असेल तर परक्या चालीत मराठी कोंबण्यापेक्षा आपल्याच पोरांना नवी चाल बांधायला लावायची. तुमच्या गिटारवाल्याला सांगा, भजनी ठेक्यावर चार कॉर्डमध्ये एक अभंग लाव. माझ्याकडे एका पोराने टिळकांचं एक भजन तसं लावलं, दोन कडव्यांनंतर ढोलकी आत येते. आजोबांना शब्द पाठ, पोरांना चाल आवडलेली. जिथे शब्द जुने आणि चाल नवी, तिथे सगळ्यात कमी भांडण होतं, हा माझा अनुभव. उलटं केलंत, म्हणजे जुनी लाडकी चाल आणि शब्द बदललेले, तर मात्र सगळे तुटून पडतात.

शब्दांच्या आशयाबद्दल एक तक्रार मला नव्या गाण्यांविरुद्ध करायचीच आहे. ती बहुतेक सगळी आनंदाची आहेत. विजय, सामर्थ्य, उंच उचलणं. स्तोत्रसंहितेत ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असं रडणारी स्तोत्रं ढिगाने आहेत, आणि आपल्या जुन्या भजनांत पश्चात्ताप आहे, उपवास आहे, दुष्काळ आहे, मरण आहे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तरुण संघाकडे गायला काहीच नसतं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. कबरस्तानात तर नाहीच. मागच्या पावसाळ्यात एका दफनविधीला चिखलात उभे होतो, फोनला रेंज नाही, पेटी भिजेल म्हणून आणलेली नाही. पोरं एकमेकांकडे बघत होती. दोन मावश्यांनी छत्रीखालून सूर धरला आणि पाचही कडवी पाठ म्हटली. दुसऱ्या रविवारी तीन पोरं मला विचारायला आली की ते कोणतं गीत होतं, क्रमांक काय.

याउलट जुन्या पुस्तकातही सगळंच सोनं नाही. ‘अघहारी’, ‘भवार्णव’ असले शब्द आज नववीतल्या मुलाला कुणी समजावून सांगितल्याशिवाय कळणार नाहीत. बायबलमध्ये पौल करिंथकरांना लिहितो की मी आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन. तेव्हा गाण्याआधी एका मिनिटात एक शब्द सांगा. मी दर रविवारी एकच शब्द सांगतो. लोक वाट बघतात.

पडद्याबद्दल: लावा. तो तरुणांसाठी आहे असं समजू नका. मोतीबिंदूवाल्या आजींना पुस्तकातला बारीक टाइप दिसत नाही, पडद्यावरचा दिसतो. फक्त कडव्याचं शेवटचं अक्षर संपायच्या आत पुढची पाटी यायला हवी, आणि ऱ्हस्व-दीर्घ नीट हवं. ‘दिन’ आणि ‘दीन’ यात देवाच्या दारी फार फरक आहे. पण पुस्तक बंद करू नका. पडदा घरी येत नाही, कौटुंबिक प्रार्थनेला पुस्तकच लागतं.

ड्रमबद्दल: दगडी भिंती आणि उंच छप्पर असेल तर पूर्ण ड्रम सेट तिथे आणणं हा मूर्खपणा आहे. धर्माशी त्याचा काही संबंध नाही, आवाज घुमतो म्हणून. प्रत्येक ठोका भिंतीवर आपटून परत येतो आणि शब्द त्यात बुडतात. ढोलकी, कहोन, तबला ठीक. माझी चाचणी साधी: मधल्या बाकावर उभं राहायचं. शेजारच्याचं गाणं मला ऐकू येत नसेल तर वाद्यं मोठी आहेत. शेवटच्या कडव्याला सगळी वाद्यं बंद करून नुसतं गायलं तर मंडळी किती गात होती ते एका क्षणात कळतं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा भयंकर शांतता पसरली होती.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण आजकाल सगळे उपासना थेट प्रक्षेपित करतात. धार्मिक विधीत गाणं गाण्याला आपल्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. पण भाषांतर करून छापणं, वाटणं, यूट्यूबवर टाकणं यांना ती सूट आपोआप लागू होते असं समजू नका. हयात कवीची, कंपनीची परवानगी घ्या. जुन्यांची अडचण नाही. आपल्याकडे मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची आहे, म्हणजे टिळकांची पदं केव्हाच सगळ्यांची झाली.

आता तुमच्या मंडळीसाठी. एका उपासनेत पाच गीतं धरू. त्यांची यादी पाळक, पेटीवाले काका आणि तरुण संघातला एक जण असे तिघे मिळून महिन्याची एकदम ठरवतील. रविवारी सकाळी फोनवर नाही. महिन्याला एकच नवं गीत. ते ओळीने तीन रविवार गायचं, मग एक रविवार सोडून पुन्हा. चौथ्यांदाही मंडळी उचलत नसेल तर यादीतून काढायचं, कुणी लिहिलंय ते न बघता. पाचातलं एक तरी असं हवं की जे वाद्याशिवाय, अंधारात, पाठ म्हणता येतं. जुनं किती, नवं किती याची टक्केवारी लावू नका. एकदा टक्केवारी लावली की लोक गाणी ऐकायचं सोडून मोजायला लागतात.

आणि येत्या शनिवारी सरावाला काकांना आणि गिटारवाल्याला एकत्र बसवा. पण त्याआधी पोराला एक सांगून ठेवा. काका ‘काळी एक’ म्हणतील, म्हणजे सी शार्प. त्याने कॅपो पहिल्या घरात लावून सीचे कॉर्ड धरायचे. आणि काकांना सांगा, गिटार दर अर्ध्या तासाने उतरते, तिला सुरात आणायला दोन मिनिटं द्यावी लागतात, तेवढ्यात भाता मारत बसू नये. आमच्याकडे पहिले दोन शनिवार याच भांडणात गेले होते.